तंबाखूचा महसूल आणि सुटकेचा खर्च



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून आपल्या जिल्ह्यात चालत आली आहे. या व्यासपीठावर विद्वानांनी मोठमोठे विषय मांडले. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयांत, कामगारांच्या सभांत व कामगार न्यायालयाच्या ओट्यावर अधिक झाले. तेव्हा विषयही मी कारखान्याच्या फाटकाजवळचाच निवडला आहे. विडी, सिगारेट, तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या माणसाला सरकारी खर्चाने मदत केव्हा मिळू लागली, तिला इतका उशीर का झाला, आणि शिरूर-दौंडकडच्या कष्टकऱ्याच्या पदरात तिच्यातले किती पडले, हा तो विषय होय.

व्यसनावर कोणी बोलू लागला की आता उपदेश ऐकावा लागणार, अशी धास्ती श्रोत्यांना वाटते. मी उपदेश करणार नाही. जमाखर्च मांडणार आहे. तंबाखूच्या बाबतीत राजसत्तेने आजवर चार भूमिका घेतल्या. पहिली कर घेणाऱ्याची, दुसरी दंड करणाऱ्याची, तिसरी इशारा देणाऱ्याची आणि चौथी हात देणाऱ्याची. पहिल्या भूमिकेला चारशे वर्षे होऊन गेली. चौथीचे वय आपल्या देशात पाव शतकाच्या आसपास आहे. या दोहोंमधील अंतराचा इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, हे सर्वश्रुत आहे. दख्खनेत ती लवकर रुजली. अकबराचा एक सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी वकिलीस गेला होता. तेथे त्याला तंबाखू आढळली, आणि १६०५ च्या सुमारास त्याने ती रत्नजडित चिलमीसह बादशहाला नजर केली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम पुढे झाला व म्हणाला, ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही, तेव्हा घेऊ नये. असद बेगाने वाद घातला की फिरंग्यांमध्येही शहाणे लोक आहेत, त्यांनी पारखल्यावाचून ती घेतली नसेल. बादशहाने पुढे ती ओढली नाही. सरदारांनी मात्र उचलली आणि व्यापाऱ्यांनी विकावयास घेतली. पुढे १६१७ साली जहांगिराने बंदीचे फर्मान काढले. त्या फर्मानाने तंबाखू थांबली नाही, हे आपण सारे जाणतोच.

याच सुमारास तिकडे इंग्लंडात काय चालले होते ते पाहण्याजोगे आहे. पहिला जेम्स राजा तंबाखूचा कट्टर द्वेष्टा. १६०४ साली त्याने तिच्याविरुद्ध एक पुस्तिका लिहून तिची यथेच्छ निर्भर्त्सना केली. आणि त्याच साली त्याने तंबाखूवरील जकात एका पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांपर्यंत चढवली. एका हाताने निंदा आणि दुसऱ्या हाताने वसुली, ही जी रीत त्या राजाने घालून दिली, ती पुढल्या राज्यकर्त्यांनी इमानाने पाळली. गोव्यात पोर्तुगीज सरकारनेही सतराव्या शतकात तंबाखूचा मक्ता बांधून दिला व त्यावर खजिना भरला.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. शिरूर म्हणजे घोडनदी, इंग्रजांच्या लष्कराची जुनी छावणी. दौंड हे भीमेकाठचे गाव; पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन ते जंक्शन झाले. रेल्वेने माणसे आणली, तशी विडीही आणली. विडीचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी फोफावला. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला, त्याचाही विडीला लाभ झाला. तंबाखू निपाणीकडून व गुजराथेतून यावी, टेंभुर्णीची पाने विदर्भाच्या व मध्य प्रांताच्या रानांतून यावी, आणि वळणारे हात सिन्नर, संगमनेर, अहमदनगर, सोलापूर येथले असावे, असा हा पसारा. आगगाडीवाचून तो उभा राहिला नसता.

त्या आगगाडीतच सरकारची दुसरी भूमिका, दंड करणाऱ्याची, आपल्याला प्रथम भेटते. १८९० च्या रेल्वे कायद्यात असे कलम होते की डब्यातील सहप्रवाशांच्या संमतीवाचून कोणी धूम्रपान केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. कलम शहाणपणाचे होते. परंतु त्या काळी वीस रुपये ही कामगाराची महिन्याची मिळकतसुद्धा नसे, हेही लक्षात ठेवावे.

पुढे दुसऱ्या महायुद्धाचा खर्च वाढला, तेव्हा १९४३ साली हिंदुस्थान सरकारने तंबाखूच्या पानावरच अबकारी कर बसवला. शेतकऱ्याच्या वखारीपर्यंत अबकारीचा शिपाई जाऊन पोहोचला. युद्ध संपले, राज्य बदलले, तरी कर राहिला. कच्च्या पानावरील कर १९७९ साली उठला, तोही तयार मालावर भार ठेवून. मधल्या काळात मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. दारूसाठी ज्या सरकारने महसुलावर पाणी सोडले, त्याने तंबाखूला हात लावला नाही. कारण उघड होते. तंबाखूने माणूस झिंगत नाही, बायकोला मारीत नाही, कामावर खाडा करीत नाही. ती मुकाट्याने मारते, आणि मरण विशीत पेरले तर पन्नाशीत उगवते.

हे मुकाट मरण उजेडात आणण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले, आणि त्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंतराव खानोलकर यांनी तोंडाचा व घशाचा कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध तपासावयास घेतला. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते आकड्यांनिशी दाखवले. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते ओढणेच नव्हे तर चघळणेही घातक आहे, हे त्यात मुंबईच्या रोग्यांवरून दिसून आले. विलायतेत प्रश्न सिगारेटचा होता. आपल्याकडे तो विडीचा, चुना लावून मळलेल्या तंबाखूचा आणि बायकांच्या मशेरीचाही होता.

यानंतरचा पुरावा तर आपल्याच जिल्ह्यातला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. त्या पाहणीचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. बायकांपैकी जवळजवळ निम्म्या तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि त्यांत मशेरीवाल्यांचा भरणा मोठा होता. ज्या बाईने आयुष्यात विडी हातात धरली नाही, तीही तव्यावर भाजलेली काळी पूड सकाळ-संध्याकाळ दातांना लावीत होती आणि तिला दंतमंजन समजत होती. जगातल्या शास्त्रज्ञांच्या हाती आपल्या जिल्ह्याने एवढा मोठा आधार दिला.

याच संशोधकांनी पुढचे पाऊल १९७७ च्या सुमारास टाकले. तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांना घरी जाऊन समजावले, चित्रे व चित्रपट दाखवले, तोंड तपासून धोका सांगितला. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात १९८६ साली त्याचा वृत्तान्त आला. ज्यांना असे समजावले गेले त्यांच्यात सवय सोडणारे अधिक निघाले, आणि कर्करोगाआधी तोंडात उमटणारे डाग त्यांच्यात कमी झाले. त्यासाठी निवडलेले जिल्हे एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम हे होते. पुणे जिल्हा त्यात नव्हता. परंतु धडा सर्वांसाठी होता: खेड्यातला अडाणी समजला जाणारा माणूसही, कोणी त्याच्याजवळ बसून बोलले तर, तंबाखू सोडू शकतो.

सरकारने मात्र तो धडा उचलण्याऐवजी तिसरी भूमिका, इशारा देणाऱ्याची, पत्करली होती. १९७५ साली सिगारेटचा कायदा झाला आणि पाकिटावर वैधानिक इशारा छापला जाऊ लागला. श्रोतेहो, कायद्याच्या नावाकडे नीट पाहा. तो सिगारेटचा कायदा होता. विडीच्या कट्ट्याला तो लागू नव्हता. बाबूच्या पाकिटावर इशारा होता, हमालाच्या कट्ट्यावर नव्हता. विडीही कायद्याच्या कक्षेत यावयास २००३ साल उजाडले, आणि दोहोंवर चित्ररूप इशारे यावयास २००९.

या काळात बंदीच्या बाजूने बरीच हालचाल झाली. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सविस्तर नियम देशभर लागू झाले व दोनशे रुपयांपर्यंत दंड ठरला. गुटख्यावर आपल्या राज्याने २००२ साली बंदी घातली. ती २००४ साली न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा घातली गेली. या उपायांना माझा विरोध नाही. शेजाऱ्याच्या फुप्फुसात धूर सोडण्याचा हक्क कोणालाच नाही. पण दंडाची पावती फाडून घेतलेला माणूस घरी गेल्यावर काय करतो, हा प्रश्न पावती फाडणाऱ्याने कधी विचारला नाही.

चौथी भूमिका इंग्लंडने प्रथम नीट वठवली. तेथील सरकारने १९९८ साली धूम्रपानावर श्वेतपत्रिका काढली, आणि १९९९ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांसाठी फुकट केंद्रे उघडली. तीही आधी गरीब वस्त्यांत. आपल्याकडे २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशात १३ केंद्रे निघाली. मुंबईचे टाटा रुग्णालय त्यांपैकी एक. २००७-०८ साली राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम ४२ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे पसरत गेला. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत विनामूल्य दूरध्वनी सेवा निघाली. १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून विडी-सिगारेटच्या पुडक्यांवर छापला जाऊ लागला, आणि टाटा रुग्णालयातूनही ती सेवा मराठी माणसाला मिळू लागली. २०२२ साली निकोटिनच्या गोळीला, म्हणजे चघळावयाच्या डिंकाला, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान मिळाले.

ही मदत म्हणजे नेमके काय, हे थोडे फोडून सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांना वाटते की मनाचा निग्रह असला म्हणजे झाले. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. मेंदूला त्याची सवय लागते. ते थांबले की चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, कामात चित्त न लागणे, अशी लक्षणे दिसतात. पहिले दोन-चार दिवस सर्वांत कठीण. तीन-चार आठवड्यांत जोर ओसरतो. या दिवसांत कोणी आठवड्याला भेटून विचारपूस केली, तलफ आली तर काय करावे ते सांगितले, आणि निकोटिनचा डिंक दिला, तर निभावण्याची आशा पुष्कळ वाढते. डिंक सुपारीसारखा चावावयाचा नसतो. सावकाश चावून, झिणझिणी आली की गालाशी ठेवावयाचा असतो. बहुतेकांना एका प्रयत्नात साधत नाही. दोनदा, चारदा प्रयत्न करावा लागतो. ताप उलटला तर आपण रोग्याला नालायक म्हणत नाही. येथेही म्हणू नये.

आता शिरूर-दौंडचा हिशेब. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडीचे कारखाने. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत, पाटसचा साखर कारखाना, रेल्वेचे कामगार, राज्य राखीव पोलीस दलाचे गट. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या. या साऱ्यांत एक समान गोष्ट आहे: रात्र जागून काढणे, किंवा पहाट फुटण्यापूर्वी उठणे. मी यांच्यात आयुष्य घालवले आहे. तंबाखू का खाता, असे विचारले तर कोणी ‘मजा वाटते’ असे सांगत नाही. झोप येऊ नये म्हणून, भूक मरावी म्हणून, पोट साफ व्हावे म्हणून, अशी उत्तरे येतात. आणि एक उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारखान्यात उभ्या उभ्या काम करणाऱ्याने ‘पाच मिनिटे बसतो’ म्हटले तर तो कामचुकार ठरतो. ‘विडी मारून येतो’ म्हटले तर मुकादम मान हलवतो. विश्रांतीचे एकच सभ्य निमित्त आपण कामगाराला ठेवले आहे, आणि ते विषाचे आहे. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांचे घराणे आपल्या शेजारच्या कन्हेरसरचे, त्यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती माणसाच्या विसाव्याची मागणी होती. विडीवाचून पाच मिनिटांचा विसावा, ही तिच्याच पोटातली मागणी आहे, असे मी समजतो.

मदत या माणसापर्यंत पोहोचते का? राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रचनेत व्यसनमुक्तीचे मुख्य केंद्र जिल्हा रुग्णालयात असते. आपले जिल्हा रुग्णालय औंधला. शिरूरहून ते पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंडहून पाऊणशेहून अधिक. शिरूरला ग्रामीण रुग्णालय व दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि पहिल्या पाळीची वेळ एकच. आमच्या संघटनेतला एक कंत्राटी कामगार तोंडातला पांढरा डाग दाखवावयास गेला, तर त्याचा अर्धा दिवसाचा पगार कापला गेला. दुसऱ्या भेटीस तो गेला नाही. त्याला दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. दूरध्वनीची सेवा खरोखर चांगली आहे. पण पुडक्यावरचा बारीक क्रमांक वाचणार कोण? सुटी विडी घेणाऱ्याच्या हाती पुडके येतच नाही. मशेरी भाजणाऱ्या बाईच्या घरी तर ना पुडके, ना इशारा.

आणि आकडे सांगतात की आपला प्रश्न मुख्यतः तिचाच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखू वापरणारे आढळले. २००९-१० साली ते ३१.४ टक्के होते. घट झाली, ही आनंदाची गोष्ट. पण या २६.६ मध्ये ओढणारे ३.८ टक्के, आणि चघळणारे वा दाताला लावणारे २४.४ टक्के. ‘येथे धूम्रपान करू नये’ ही पाटी त्यांच्यासाठी नाहीच. त्यांच्यापर्यंत पोहोचेल ती गावातली आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका. हे काम त्यांच्याकडून हवे असेल तर त्याचा मोबदला आणि त्यासाठीचा वेळ त्यांना दिला पाहिजे. नाहीतर एका गरिबाची सुटका दुसऱ्या गरिबाच्या फुकट मेहनतीवर होईल.

येथे माझे काही सोबती मला अडवतील. ते म्हणतील, तुम्ही कामगारांचे कार्यकर्ते. विडी कामगार बायकांच्या पोटावर पाय देता काय? प्रश्न रास्त आहे. दौंडहून गाडीने सोलापुरास जा. हजारो बायका आजही विड्या वळून घर चालवतात. त्यांच्यासाठी १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला, १९७६ चा कल्याण निधी झाला. विड्यांवर लहानसा उपकर बसवून त्यातून त्यांच्या दवाखान्यांना, घरांना, मुलांच्या शिष्यवृत्त्यांना पैसा मिळाला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर रद्द झाला. मला त्या १९७६ च्या कायद्यातले तत्त्व मोलाचे वाटते: ज्या वस्तूने माणसाची झीज होते, त्या वस्तूच्या पैशातून त्याच माणसाची भरपाई करावी. वळणाऱ्या हातांना ते लागू होते, तर ओढणाऱ्या छातीला का नाही? आणि वळणाऱ्या बाईला दुसरे काम शिकण्यासाठीही त्याच पैशातला वाटा का नसावा? दोघांचा शत्रू एक आहे. दोघांची मागणीही एक होऊ शकते.

हे स्वप्नरंजन नव्हे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८७ साली तंबाखूच्या कराचा हिस्सा आरोग्यसंवर्धनासाठी राखून स्वतंत्र संस्था काढली. थायलंडने २००१ साली दारू व तंबाखू यांच्या अबकारीवर आणखी दोन टक्के अधिभार घेऊन तसाच निधी उभारला. तो अर्थसंकल्पाच्या दयेवर अवलंबून राहत नाही. आपल्याच राज्यात गडचिरोलीला २०१६ पासून शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था व टाटा न्यास यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ चालवला. त्यात तालुक्याच्या गावी उपचाराची सोय आणि गावोगावी शिबिरे झाली. गडचिरोलीच्या जंगलात जे तालुक्यापर्यंत आले, ते पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावर येऊ नये, याला कारण मला सापडत नाही.

म्हणून या सभेपुढे मी चार साध्या मागण्या ठेवतो. शिरूर व दौंड येथील रुग्णालयांत आठवड्यातून दोन दिवस पाळी सुटण्याच्या वेळी व्यसनमुक्तीचा कक्ष चालावा, आणि डिंक तेथल्या औषधखिडकीत असावा. त्या भेटीसाठी कायम व कंत्राटी, कोणत्याही कामगाराचा पगार कापला जाऊ नये. ऊसतोडीच्या तळावर हंगामात निदान एकदा तोंडतपासणी व्हावी, आणि बायकांना मशेरीविषयी बाईमाणसानेच सांगावे. आणि तंबाखूच्या कराचा ठराविक हिस्सा, मेहेरबानी म्हणून नव्हे तर कायद्याने, सोडू पाहणाऱ्यांसाठी व विडी वळणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. पहिल्या तीन मागण्यांना दिल्लीपर्यंत जावे लागत नाही. आरोग्याधिकारी, कारखान्यांचे व्यवस्थापक, ठेकेदार आणि आम्ही संघटनावाले एका टेबलाशी बसलो तर त्या याच वर्षी पुऱ्या होतील. त्या बैठकीची तारीख ठरवण्याचे काम आमच्या संघटनेने अंगावर घेतले आहे. नगरवाचनालयाच्या वतीने आणि या व्याख्यानमालेच्या वतीने आपणांपैकी काहींनी तीत येऊन बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.